चोथ्यासकट

फळांच्या दुकानात नासपती हातात घेऊन उभी असताना बारकीने आवंढा गिळला, आणि तो गिळताना तिला कळलं. झालं ते एवढंच. तिला रडू येत नव्हतं, घसा दुखत नव्हता, कुणी काही टाकून बोललं नव्हतं. तोंडात जमलेली थोडीशी लाळ मागे गेली आणि नाहीशी झाली, जशी ती जन्मभर होत आली होती. पण आज पहिल्यांदाच तिला ते आतून दिसल्यासारखं झालं. जिभेचं टोक आपलं आपण वरच्या दातांमागे जाऊन टेकलं, त्याच्या पाठोपाठ सगळी जीभ उचलली गेली, मानेच्या आत काहीतरी वर चढलं आणि खाली उतरलं, आणि तेवढ्यापुरता श्वास थांबला. तिने मुद्दाम पुन्हा गिळून पाहिलं, तर जमेना. लाळ होती, जीभ होती, घसा जागच्या जागी होता, पण सुरुवात कुठून करायची तेच सुचेना. जिन्यावरून भराभर उतरताना मध्येच पायांकडे बघावं आणि पुढचा पाय कुठला ते विसरावं, तसं. बाजूला एक माणूस द्राक्षं निवडत होता. त्याने एक तोंडात टाकलं, चावलं आणि दुकानदारणीशी भाव करता करता गिळून टाकलं. बारकी त्याच्या गळ्याकडे टक लावून बघत राहिली. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. त्याला पत्ताच नव्हता.

"बाई, ती दाबू नका, डाग पडतात," दुकानदारीण म्हणाली.

"पिकलेली हवी. अगदी मऊ. मिक्सरमधून काढायचीय."

"बाळासाठी का?"

"बहिणीसाठी."

"केवढी आहे बहीण?"

"सत्तर पूर्ण झाली तिला," बारकी म्हणाली. दुकानदारीण हसायला गेली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. मग काही न विचारता तिने मागच्या खोक्यातून, कागदात गुंडाळलेल्या, देठापाशी बोट लावताच दबणाऱ्या नासपती काढून दिल्या. सोबत ठिपके पडलेली केळी दिली आणि सुके आलुबुखार. "कोमट पाण्यात भिजवा हे. आणि साल काढू नका हो नासपतीची. खरं काय ते सालीतच असतं."

बारकी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण घरात दोघीच बहिणी, त्यातली ही धाकटी, म्हणून बारकी. साठी उलटली, केस पांढरे झाले, तरी ताईच्या तोंडी तेच राहिलं. ती संग्रहालयात जुन्या कापडांची डागडुजी करी. कुणाचा तरी शेकडो वर्षांपूर्वीचा अंगरखा, कुठल्यातरी बाळाचं झबलं, अर्धं जळालेलं निशाण अशी कापडं तिच्या टेबलावर येत. ती भिंगाखाली धरून त्यांचा एकेक धागा सरळ करायचा, केसाहून बारीक रेशमाने तो मागच्या आधाराला टाचायचा, हे तिचं काम. हळू हाताची म्हणून तिचं नाव होतं. घरात मात्र त्या हाताला किंमत नव्हती. स्वयंपाकघर ताईचं. ताई नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायची. खणखणीत आवाज, रुंद खांदे, बोलणं मोजकं. तलावाच्या त्या काठाचं पोर या काठावरच्या तिच्या एका हाकेसरशी पाण्यात उडी मारायचं. घरी आली की त्याच आवाजात ती बारकीला ओट्यापासून लांब व्हायला सांगायची. "तू कांदा चिरेपर्यंत त्याला कोंब फुटेल," म्हणायची. आई गेली तेव्हा ताई पंधरा वर्षांची होती आणि बारकी सहा. तेव्हापासून घरातला चमचा ताईच्या हातात होता तो होताच. केळं कुस्करून, दुधात कालवून ती बारकीपुढे ठेवायची, आणि बारकी खिडकीबाहेर बघत बसली की ओरडायची, "गिळ एकदाचं!"

थंडी संपता संपता ताईला पक्षाघाताचा झटका आला. डावा हात गेला, बोलणं ओल्या फडक्यातून पिळून काढल्यासारखं झालं, आणि तिसरी गोष्ट अशी झाली की जिच्याकडे आधी कुणाचं लक्षच गेलं नाही. ताईला गिळता येईना. आधी ताप आला. पाणी पोटात जायच्या ऐवजी छातीत गेलं होतं. तो उतरला तसं डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, ती गालावर चिकटपट्टीने चिकटवली, आणि त्या नळीतून पिवळसर, वास नसलेलं काहीतरी पोटात जाऊ लागलं. घरी आल्यावरही तेच. दवाखान्यातून एक भुकटी मिळाली होती. ती पाण्यात घातली की पाणी दाट व्हायचं. ताईने त्याचा एक चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले आणि सगळं टॉवेलवर थुंकून टाकलं. "खळ आहे," ती म्हणाली. "भिंतीला कागद चिकटव हिने." डॉक्टर शांत माणूस होते. नाकातली नळी अशी कायम ठेवता येत नाही, म्हणाले. तोंडाने पुरेसं जायला लागलं तर उत्तम, नाहीतर पोटाला छोटंसं भोक पाडून तिथून नळी घालू, पुढच्या आठवड्यात ठरवू. ताईने चांगला हात पलंगाच्या कठड्यावर आपटला. "भोक नाही," ती म्हणाली. हे दोन शब्द इतके स्पष्ट आले की डॉक्टरांनी वहीतून मान वर केली.

आणि मग काल. काल सकाळी दवाखान्याच्या तळघरातल्या खोलीत ताईला खुर्चीवर एका कुशीने एक्स-रे यंत्राकडे वळवून बसवलं होतं. बारकी काचेच्या मागे होती. आत ताईजवळ शिशाचा जड अंगरखा घालून उभी होती ती गिळण्याच्या बाई. तिचा हुद्दा लांबलचक होता, पण ताईने पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं होतं. तिशीची असेल नसेल, पण आवाज समजूतदार. तिने चमच्यात पांढरी, पण एक्स-रेत काळी दिसणारी दाट पेस्ट घेतली, ताईच्या तोंडात ठेवली आणि म्हणाली, "गिळा." काचेच्या अलीकडच्या पडद्यावर ताई दिसत होती, पण ती ताई नव्हती. कवटी होती, दातांतलं चांदीचं भरण होतं, मानेच्या मणक्यांची चवड होती, आणि त्यांच्या पुढ्यात करड्या धुक्यात एक काळा गोळा तरंगत होता. मग धुकं हललं. जीभ लाटेसारखी पुढून मागे उचलली गेली. टाळूच्या मागचा पडदा वर जाऊन नाकाची वाट बंद झाली. मानेतलं सगळं सामान एकत्र वर चढलं, श्वासनळीच्या तोंडावर एक लहानसं पान लवंडलं आणि झाकण झालं, आणि तो काळा गोळा त्या झाकणावरून घसरत, मागच्या दरीत उतरून दिसेनासा झाला. सगळं पुन्हा जागच्या जागी आलं. बारकीला आपलं तोंड उघडं असल्याचं नंतर कळलं. तिच्या हाताखालून राजाराण्यांची वस्त्रं गेली होती, एका बोटभर जागेत दोनशे टाके घातलेले तिने पाहिले होते, आणि दर वेळी मनात म्हटलं होतं की याहून बारीक काम माणसाच्या हातून होणार नाही. ते सगळं तिला त्या क्षणी गोणपाटासारखं वाटलं.

"पुन्हा बघायचंय?" बाहेर आल्यावर गिळण्याच्या बाईने विचारलं. "सावकाश करून दाखवते." आणि तिने ते थांबवत थांबवत दाखवलं. "हवेची वाट आणि अन्नाची वाट एकाच चौकातून जातात. म्हणून गिळताना श्वास थांबतो. सगळ्यांचाच थांबतो, आपल्याला कळत नाही. झोपेतसुद्धा चालूच असतं."

"पण हे शिकतो कधी आपण?"

"जन्माच्या आधी. पोटातलं बाळ गिळत असतं. रडायला शिकायच्या आधीपासून."

मग तिने दुसरा तुकडा दाखवला, पातळ पाण्याचा. काळी धार जिभेवरून निसटली, झाकण पडायच्या आधीच चौकात पोचली आणि तिचा एक धागा, अगदी शिलाईच्या दोऱ्याएवढा, पुढच्या वाटेने खाली सरकला. पडद्यावरची ताई स्वस्थ बसलेली. "बघा, ठसकासुद्धा लागला नाही," बाई म्हणाली. "ठसका लागला तर घाबरू नका. न लागला तर घाबरा. पातळ काही देऊ नका. दाट चालेल, दाट त्यांना जमतंय. काट्याने उचललं तर फटींतून गळायला नको, आणि चमचा कलता केला तर एका गोळ्यात पडायला हवं. घरी फळांची स्मूदी करा. पण एक बी नको, दोरा नको, सालीचा कपटा नको."

"म्हणजे गाळून घेऊ?"

"गाळू नका. चोथा जायला हवाय पोटात. त्यांचं पोट कधीपासून अडलंय तुम्हाला माहितीये ना? चोथा हवा, पण जिभेला कळायला नको. जमेल तुम्हाला?"

खुर्चीतून ताई म्हणाली, "तिला चहा नाही जमत."

आता घराच्या जिन्यात पिशवी घेऊन चढताना बारकीला तेच आठवत होतं, आणि मधूनच आपण गिळतोय का, हे ती तपासून बघत होती. भीती अशी नव्हती की जमणार नाही. भीती ही होती की जमलंय असं वाटेल. आपण चमचा भरू, ताई तोंड उघडेल, सगळं ठीक दिसेल, आणि आत कुठेतरी एक धागा चुकीच्या वाटेने उतरत राहील. मग पुन्हा ताप, पुन्हा ती छातीची घरघर, आणि या वेळी घरघर कायमची थांबली तर तिच्यात आपल्या हाताचा वाटा असेल. संग्रहालयात एखादं झबलं पाण्यात सोडायच्या आधी ती तासभर नुसती बसून राहायची. एकदा बुडवलं की मागे घेता येत नसे. पण झबलं आधीच मेलेल्या बाळाचं असे.

ताई स्वयंपाकघराच्या दाराशी चाकाच्या खुर्चीत बसली होती. गालावर नळी, मांडीवर टॉवेल, केस बारकीनेच सकाळी विंचरलेले, म्हणून भांग वाकडा. "काय आणलंस?" तिने विचारलं. बारकीने एकेक वस्तू ओट्यावर ठेवून दाखवली. ताईने केळ्यांकडे बघून मान डोलावली. बारकीने आलुबुखार कोमट पाण्यात भिजत घातले, ओट्स दुसऱ्या वाटीत, दही बाहेर काढून ठेवलं, आणि डब्यातली भाजलेली जवसाची पूड चमचाभर घेतली. ती पूड हातात धरून ती थबकली. आत्ता संग्रहालयातल्या तिच्या टेबलावर जे झबलं होतं ते लिननचं. लिनन म्हणजे जवसाच्याच ताटाचा धागा. ताट पाण्यात कुजवतात, मऊ ते सगळं सडून जातं, आणि जे सडायला तयार नसतं ते उरतं. त्याचा धागा होतो, म्हणून तर तीनशे वर्षांनी ते झबलं अजून झबलं होतं. आणि तेच, सडायला तयार नसलेलं, पोटातल्या त्या सगळ्या आम्लांना दाद न देणारं काहीतरी, ती आता ताईच्या पोटात घालणार होती. ते पचणार नव्हतं. पचत नाही म्हणूनच उपयोगाचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत जसंच्या तसं जाणार आणि जाता जाता अडलेलं सगळं सोबत घेऊन जाणार. तिला एकदम हसू आलं. सबंध आयुष्य तंतूंमध्ये गेलं आणि हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"हसायला काय झालं?" ताई.

"काही नाही. तुझं पोट."

"माझ्या पोटावर हस तू."

तिने नासपती उभी चिरली. आणि पुन्हा थांबली. पांढऱ्या गरात देठापासून दोन फिकट रेघा निघाल्या होत्या. त्या मधल्या बियांच्या घराला दोन्ही बाजूंनी वळसा घालून खाली पुन्हा जवळ आल्या होत्या. तिने पर्समधून कामाचं भिंग काढलं आणि फळावर धरलं. रेघ म्हणजे रेघ नव्हती, तो पेड होता. नळ्यांचा जुडगा. झाडाने याच नळ्यांतून गर भरला होता, थेंबाथेंबाने, मुळांपासून इथपर्यंत. बियांच्या घराभोवती रवाळ कण चमकत होते, खडीसाखर फोडावी तसे, एकाला एक लागून, कुणीतरी आतून भिंत बांधल्यासारखे. तो भाग तिने कोरून काढला, कारण कण जिभेला लागले असते. साल तेवढी ठेवली. मागून ताई म्हणाली, "बारके, फळ आहे ते. प्रदर्शनात नाही मांडायचं."

"बघतेय ग जरा."

"मला भूक लागली."

हे शब्द ताईने सहज म्हटले, पण बारकीचा चाकू तिथेच राहिला. झटका आल्यापासून ताई भूक लागली असं एकदाही म्हणाली नव्हती. नळीला भूक लागत नसते. ठरल्या वेळी पिशवी टांगायची, ठरल्या वेळी काढायची. बारकीने चाकू खाली ठेवला, हात धुतले आणि मिक्सर पुढे ओढला. या यंत्राला तिने आजवर फक्त धूळ पुसण्यापुरता हात लावला होता. भांडं बसेना. ताई दारातून सांगू लागली, एकेक शब्द ओढून आणत. "दाब. फिरव. उजवीकडे. तुझं उजवं." खट् आवाज झाला आणि भांडं बसलं. बारकीने फळं घातली, दही घातलं, भिजवलेल्या आलुबुखारांचं सगळं पाणीही घातलं आणि झाकणावर दोन्ही हात ठेवून बटण दाबलं. भांडं हाताखाली थरथरलं. काचेसारख्या झाकणातून तिला दिसत होतं. फोडी होत्या, मग फोडी नव्हत्या. कडा मोडल्या, रंग एकमेकांत शिरले, मधोमध एक भोवरा पडला आणि सगळं त्यात ओढलं जाऊ लागलं. पण काट्यावर घेतल्यावर ते फटींतून सरळ खाली गळालं.

"पाणी झालं हे," ताई म्हणाली. "केळं कुठाय? ओट्स?"

"आत्ता घालते."

"पाणी कशाला ओतलंस एवढं? तलाव आहे का?"

बारकीने अर्धं ओतून काढलं, केळं घातलं, भिजलेले ओट्स पिळून घातले, जवसाची पूड घातली. फिरवलं. थांबली, भांड्याच्या कडा चमच्याने खरवडल्या, पुन्हा फिरवलं. आता ते दाट झालं. चमच्यावर थोडं घेऊन तिने स्वतःच्या तोंडात ठेवलं, डोळे मिटले आणि जीभ टाळूवर दाबली. कामावर ती कापडाचा पोत बोटांनी बघायची. बोटांच्या टोकांवर तिचा भारी भरवसा होता. पण ही जीभ! तिने शोधायला सुरुवात केली आणि जिभेला सगळं सापडत गेलं. इथे गोड, कडेला आंबट, मध्ये केळ्याचा मऊपणा, आणि डाव्या बाजूला, दाढेपाशी, एक बारीकसा कपटा. सालीचा. तिने तो बोटाने काढून उजेडात धरला. नखाच्या कोरेएवढासुद्धा नव्हता. एवढा कपटा हातात घेतला असता तर बोटांना कळलाही नसता, आणि जिभेने तो दह्याफळांच्या या सगळ्या गदारोळातून वेगळा काढून तिच्या बोटात दिला होता. साठ वर्षं हे हत्यार तोंडात घेऊन फिरतोय आपण, तिच्या मनात आलं. तिने पुन्हा मिक्सर लावला. पुन्हा चाखलं. पुन्हा लावला. मिक्सर तापला, त्याचा वास यायला लागला, तसा तिने तो थोडा थांबू दिला आणि पुन्हा लावला. शेवटी जिभेने सगळं तोंड पालथं घातलं आणि तिला काहीच सापडलं नाही. सगळं आत होतं. साल, धागे, चोथा, सगळं. पण दडून. चमचा कलता केल्यावर तो गुलबट तपकिरी गोळा क्षणभर थबकला आणि एकदम, अख्खा, वाटीत पडला.

तिने खुर्ची खिडकीशी ओढली, ताईच्या पाठीला उशी लावली, समोर बसली. लहान चमचा, अर्धाच भरलेला. "हनुवटी खाली घे," ती म्हणाली. ताईने घेतली. बारकीने चमचा तिच्या ओठांपाशी नेला. ताईने तोंड मिटलं. काही काळ काहीच झालं नाही. ताईचे डोळे खिडकीकडे, चेहरा आत कुठेतरी ऐकत असल्यासारखा. बारकीला पडद्यावरचा तो काळा गोळा आठवत होता आणि ताईची मान समोर होती, सुरकुतलेली, पोहून पोहून अजून घट्ट राहिलेली. त्या कातडीच्या मागे काय चाललंय ते आता तिला ठाऊक होतं, म्हणूनच बघवत नव्हतं. 'गिळ' हा शब्द तिच्या ओठांवर आला. तिने तो तसाच आत परतवला.

घाटी वर चढली. थांबली. खाली आली.

"आणखी एकदा, रिकामंच," बारकी म्हणाली. ताईने आणखी एकदा गिळलं. "आता आ म्हण." ताईने आ म्हटलं. आवाज कोरडा होता, स्वच्छ. ओला असता तर काहीतरी वाटेत राहिलंय असं समजायचं, असं बाईने सांगितलं होतं.

"म्हटलं नाहीस," ताई म्हणाली.

"काय?"

"गिळ."

"तू रोज म्हणायचीस मला."

"गिळण्याच्या बाई म्हणतात, गिळा." ताईचा अर्धा चेहरा हसला. "जन्मात कुणी इतक्या आदराने..." पुढचं तिला ओढून आणवेना, पण दोघी हसल्या. बारकीने घाईघाईने हात वर केला, "हसू नकोस, हसू नकोस, तोंडात असताना नको," आणि तिलाच जास्त हसू यायला लागलं.

वाटी अर्धी झाली तेव्हा ठसका लागला. ताईचा चेहरा एकदम लाल झाला, खांदे उडाले, नळी गालावर हलली. बारकी ताडकन उठली, चमचा खाली पडला, आणि पुढे काय करायचं ते सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं. ती नुसती उभी होती. ताईने चांगला हात वर केला, पंजा उघडा, बारकीच्या दिशेने. तलावाच्या काठावर उभी राहून ती पोरांना थोपवायची तसा. थांब. मी बघते. ती खोकली, आणखी जोरात खोकली, डोळ्यांतून पाणी आलं, मग तिने स्वतःच हनुवटी छातीला लावली आणि गिळलं. परत गिळलं. मग कुणी न सांगता तिने तोंड उघडलं. "आ." आवाज किंचित ओला. पुन्हा खाकरली, पुन्हा गिळलं. "आ." कोरडा. हात खाली आला. बारकी खाली बसली. एवढ्याशा गोळ्यासाठी आत केवढी धावपळ झाली होती! झाकण चुकलं तर खोकला, खोकला पुरला नाही तर आणखी खोकला, सगळं शरीर एका दाण्याएवढ्या वस्तूवर तुटून पडलेलं, आणि हे कुणी कुणाला सांगितलेलं नसताना. ताईच्या अर्ध्या अंगाने काम सोडलं होतं, पण उरलेलं अर्धं असं पहाऱ्यावर होतं.

"घाबरलीस?" ताईने विचारलं.

"हो."

"मी पण," ताई म्हणाली.

बारकीने मान वर केली. आई गेली तेव्हा ताई घाबरली नव्हती. म्हणजे तसं बारकीला वाटत आलं होतं. तलावाच्या खोल पाण्यात एक पोरगा बुडता बुडता वाचला तेव्हाही ताई घरी येऊन शांतपणे भाजी चिरत बसली होती. झटका आला तेव्हाही. पंचावन्न वर्षं ताईला भीती ठाऊक नाही हे बारकीने भिंतीसारखं धरलं होतं, आणि तिला टेकून बसली होती. आता तिला वाटलं, पंधरा वर्षांची ती मुलगी केळं कुस्करत असताना कशी दिसत असेल, आणि "गिळ एकदाचं" हे ती कुणाला म्हणत असेल. तिने पडलेला चमचा धुऊन आणला. "आणखी देऊ?" तिने विचारलं. ताईने हनुवटी छातीला लावली.

पुढचा आठवडा तसाच गेला. बारकी सकाळी करायची, दुपारी कामावरून धावत येऊन करायची, संध्याकाळी करायची. कधी पपई, कधी शिजवलेलं पीच, दर वेळी ओट्स नाहीतर जवस, आणि कशाचीच साल फेकायची नाही. चौथ्या सकाळी ताईने नहाणीघरातून जी हाक मारली ती तलावाच्या काळातली होती, खणखणीत, आणि बारकी धसकून धावली तर आत ताई राणीसारखी बसलेली. "झालं," ती म्हणाली. "कळव तुझ्या बाईंना." बारकीने खरंच फोन करून कळवलं, आणि पलीकडे गिळण्याच्या बाईने "वा!" म्हटलं ते मनापासून. डॉक्टरांनी ताईची छाती तपासली, वजन पाहिलं, भोकाचं पुढे ढकललं, मग पुन्हा ढकललं, आणि एक दिवस गालावरची चिकटपट्टी सोलून नाकातली नळी ओढून काढली. ताईला शिंक आली. भोकाचा विषय पुन्हा निघाला नाही. सगळं काही परत आलं असं नाही. डावा हात तसाच मांडीवर पडून राहिला, आणि साधं पाणी प्यायला उन्हाळा उलटावा लागला. बारकीचं मात्र एक कायमचं बिघडलं. संग्रहालयातल्या बैठकीत संचालक बोलता बोलता पाण्याचा पेला तोंडाला लावायचे आणि ती टाचणीसारखी ताठ व्हायची. पेला खाली यायचा, वाक्य पुढे सुरू व्हायचं. टेबलाभोवती बसलेली सगळी माणसं गिळत होती, एकामागून एक, श्वास थांबवत आणि सोडत, आणि कापडांच्या विम्याबद्दल बोलत होती. बसमध्ये, रांगेत, समोरच्या बाकावर आईच्या खांद्यावर झोपलेल्या बाळाच्या गळ्यात ते चालू होतं. कधीकधी तिला उठून सगळ्यांना सांगावंसं वाटायचं. काय सांगावं ते कळायचं नाही.

पानं गळायला लागली तेव्हा एका रविवारी गिळण्याच्या बाईने परवानगी दिली. आता अख्खं देऊन बघा, म्हणाली, बसून, शांतपणे, घाई न करता. बारकीने सफरचंद आणलं, साल तशीच ठेवून एक पातळ फोड कापली आणि ताईच्या चांगल्या हातात दिली. आणि तिथे बसवेना म्हणून उठून ओट्याकडे गेली, ताईकडे पाठ करून सुरी धूत राहिली. नळ वाहत होता. तिने तो बंद केला. खोलीत करकर आवाज झाला. दातांनी साल फोडल्याचा, गर तुटल्याचा, इतका मोठा आणि इतका ओला आवाज की तिला वाटलं खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. मग चावण्याचा, सावकाश, एकाच बाजूने. मग काही नाही. बारकीने सिंकची कड धरली. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती वळली नाही.

"आंबट आहे," ताई म्हणाली, आणि दुसऱ्या फोडीसाठी हात पुढे केला.